तेल ओळखणाऱ्या दुरपदामावशींना

दुरपदामावशी,

तुमच्या सुनेचा, सुनीताचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलींच्या वह्या तपासत होते. ती म्हणाली, "बाई, आज कढई लागणार न्हाय." मी विचारलं, का गं, गॅस संपला का? मग तिनं सांगितलं. सकाळी चहा घेऊन उठवायला गेले तर आत्या उठल्याच नाहीत, म्हणाली. मी वह्या होत्या तशा टाकल्या आणि तुमच्या गावी, कुंभारीला आले.

तुमच्या दारात बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं मला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? नात्यातली नाही, शेजारची नाही, जातीची नाही, गावची नाही. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. शेवटी मी म्हटलं, त्यांच्याकडे शिकत होते. त्या बाईनं माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय, भजी करायला?" मी हो म्हटलं. ते तसं खोटं नव्हतं.

तुम्ही मला कधी शिष्य वगैरे म्हटलं नाही. तुम्ही मला "बाई" म्हणायचात, कारण मी शिकवते. मी तुम्हाला "मावशी" म्हणायचे, कारण नवी पेठेतली सगळी गल्ली म्हणायची. पण आपली ओळख कशी झाली ते मी तुमच्यासमोर कधी नीट बोलले नाही. दर वेळी हसण्यावारी नेलं. आज बोलते.

आमच्या विभागाला नुकतंच ते यंत्र मिळालं होतं. हातभर लांबीची काडी, वर छोटी पाटी. गरम तेलात काडी बुडवायची, की पाटीवर आकडा येतो. तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात नको ती द्रव्यं साठत जातात, त्यांचं शेकडा प्रमाण तो आकडा सांगतो. पंचवीसच्या वर गेलं की नियमानं ते तेल वापरायचं नाही. वरच लाल दिवाही लागतो. मी ते यंत्र पर्समध्ये घालून शहरातल्या भज्या-वड्यांच्या गाड्यांवर फिरत होते आणि वहीत आकडे लिहीत होते. तुमची कढई माझ्या यादीत बारावी होती.

तुम्ही कापडाच्या दुकानाच्या जिन्याखाली उभ्या होतात. कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर खोचलेला, हातात झारा. मी सर्वेक्षण वगैरे सांगितलं. तुम्ही "बगा की" म्हणालात आणि बाजूला सरलात. मिरचीभज्यांचा घाणा नुकताच वर काढला होता. तेल अजून चुरचुरत होतं. मी त्यातच काडी घातली. सव्वीस. लाल दिवा. आणि मी चार-पाच गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगितलं की मावशी, हे तेल बाद झालंय, फेकून द्यावं लागेल. कागद हातात धरून उभ्या असलेल्या एका माणसाचं तोंड चावता चावता थांबलं.

दुसरं कुणी असतं तर मला तिथून हाकललं असतं. आधीच्या अकरांपैकी दोघांनी हाकललंही होतं. तुम्ही गॅस बारीक केलात, पदराला हात पुसलात आणि म्हणालात, "बाई, जरा दम धरा. तेल आजून बोलतंय. मिरचीचं पानी हाय त्यात. ते गप झालं की घाला तुमची काडी."

आपण थांबलो. गिऱ्हाइकंही थांबली. तेलावरचे बुडबुडे एकेक करून विझले, चुरचुर बंद झाली, पृष्ठभाग काचेसारखा झाला. मी पुन्हा काडी घातली. सोळा. हिरवा दिवा.

घरी जाऊन मी यंत्राबरोबर आलेली पुस्तिका उघडली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की तळण काढल्यावर पाच मिनिटं थांबा, पाण्याचा अंश असेल तर आकडा चुकीचा वाढतो. मी ती पुस्तिका वाचली नव्हती. तुम्हाला तशी काही पुस्तिका असते हेही माहीत नव्हतं. पण त्या दुपारी सोळा आकडा आल्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, गिऱ्हाइकांकडे वळून म्हणालात, "बाईंचं यंत्र खरं हाय. निस्ती घाई झाली." माझी लाज तुम्ही तिथल्या तिथे झाकलीत. मग एका कागदावर दोन भजी दिलीत आणि सांगितलंत, खाऊन झाल्यावर कागद उजेडात धरा. कागदावर तेलाचा डाग जेमतेम पडला होता. चांगलं तेल आत शिरत नाही, दमलेलं तेल भज्यात घुसतं, हे मी विज्ञानाच्या भाषेत मुलींना शिकवत होते, पण कागद उजेडात धरून कधी पाहिलं नव्हतं.

दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी तुमच्याकडे यायला लागले ते तेव्हापासून. मी यंत्र लावायचे, तुम्ही आधी सांगायचात. वहीत दोन रकाने केले होते, एक यंत्राचा आणि एक तुमचा. तुमच्या रकान्यात मी तुमचेच शब्द लिहायचे. "ताजं." "बरं हाय." "जड व्हायलंय." "दमलं." तेल दमलं हा तुमचा शब्द होता. रंगावर जाऊ नका म्हणायचात, हळद नि तिखटानं चांगलं तेलही काळवंडतं. झाऱ्यावरून थेंब कसा गळतो ते बघा. ताजं तेल टपटप गळतं, दमलेलं सावकाश, चिकट धार धरून. फेस बारीक होतो आणि बसायला वेळ घेतो. नेहमीच्याच आचेवर धूर येतो. पण हे सगळं तुम्ही मला सांगायचात, स्वतःला याची गरज नव्हती. तुम्ही नुसत्या वाकायचात, एकदा श्वास घ्यायचात, आणि कळायचं.

ते नाक कुठून आलं असं मी एकदा विचारलं होतं. तुमचं माहेर करमाळ्याकडचं. वडील शेंगा घेऊन बाजाराला निघाले की तुम्ही बैलगाडीत मागे बसायचात. तिथल्या तेलाच्या घाण्यावर ते तुम्हाला बसवून आपल्या कामाला जायचे. घाणेवाला गंमत म्हणून तुमच्यापुढे वाट्या ठेवायचा, यातली जुनी शेंग कुठली, भिजलेली कुठली, सांग. तुमचं उत्तर कधी चुकायचं नाही असं तुम्ही सांगितलंत, आणि तेही फुशारकीनं नाही, पाऊस पडला होता असं सांगावं तसं.

वर्षभरानं मी ते दोन रकाने समोरासमोर मांडले. तुम्ही "दमलं" म्हणालात तेव्हा यंत्रानं बहुतेक वेळा अठरा-एकोणीस दाखवलं होतं. म्हणजे नियमाला अजून सहा-सात टक्के बाकी असताना तुम्ही तेल बाहेर काढत होतात. इथून आपलं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं, हे वाया घालवणं आहे, पंचवीसपर्यंत चालतं, अभ्यास करूनच तो आकडा ठरवलाय. तुम्ही म्हणालात, "पंचवीस म्हंजी नापास व्हायचा आकडा हाय न्हवं? मंग नापासाच्या काठावरचं पोरगं हुशार आस्तंय व्हय, बाई?" उत्तर मला पुढच्या शनिवारी सुचलं, ते तुम्ही खोडून काढलंत. काढलेलं तेल नेणाऱ्यांनाही तुम्ही आधी विचारायचात की हे कुठल्या कढईत जाणार नाही ना. असल्या तेलापासून वाहनांचं इंधन करणारी माणसं येऊ लागली तेव्हाच तुम्ही तो डबा निर्धास्तपणे द्यायला लागलात. तोवर तुम्ही ते तेल कुंभारीला परत नेऊन शेतावरच्या मोटारीच्या लोखंडाला चोळायला द्यायचात.

मग ती साथ आली. कढई कित्येक महिने लागली नाही. तुम्हालाही आजार झाला, दवाखान्यात राहून आलात, बऱ्या झालात. फोनवर आवाज खणखणीत होता. गल्ली पुन्हा उघडली आणि तुम्ही जिन्याखाली उभ्या राहिलात हे मला कळलं, पण माझे ऑनलाइन वर्ग चालू होते, मी पहिले तीन दिवस आले नाही.

त्या दिवसांत काय झालं ते नंतर तुमच्याकडूनच ऐकलं. पहिल्या दिवशी तुम्ही शेंगतेलाचा डबा फोडलात आणि काहीच वास आला नाही. वाटलं, सर्दी असेल. कुणाला सांगितलं नाहीत. इतकी माणसं इतक्या दिवसांनी आली होती, हसत होती, मावशी आलात म्हणत होती. तुम्ही अंदाजानं तळत राहिलात. दुसऱ्या दिवशी तेच तेल, वर थोडं ताजं. तिसऱ्या दिवशीही तेच. तुमच्या उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी नरसय्याकाका आले. ते पूर्वी हातमागावर चादरी विणायचे, आता रिटायर होऊन रोज तुमच्याकडची दोन भजी खायला पायी यायचे. त्यांनी एक भजं खाल्लं, दुसरं अर्धं चावलं आणि उरलेलं कागदात गुंडाळून कट्ट्यावर ठेवून निघून गेले. काही बोलले नाहीत. तुम्ही तो कागद उलगडून उजेडात धरलात. सगळा पारदर्शक झाला होता.

तुम्ही त्याच क्षणी गॅस बंद केलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या कॉलेजात आलात. शिपायानं मला बोलावलं तेव्हा तुम्ही बाकावर बसला होतात, मांडीवर स्टीलचा डबा, डब्याला फडकं बांधलेलं. बसमध्ये तो सांडू नये म्हणून कुंभारीपासून दोन्ही हातांनी धरून आणला होता. मला वाटलं काहीतरी खायला आणलंय. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "बाई, माजं नाक गेलं. ह्ये तेल कसलं हाय ते तुमी सांगा."

मी तेल तापवलं. थांबले. काडी घातली. एकतीस.

तुम्ही पाटीवरचा आकडा स्वतः वाचलात. मी पुन्हा एकदा लावून बघते म्हटलं, तुम्ही नको म्हणालात. स्टुलावर बसलात. मी धीर द्यायला लागले की तीन दिवसांचं तेल आहे, कुणाला काही होत नाही एवढ्यानं, आजारात गेलेलं नाक पुष्कळांचं परत येतं. तुम्ही माझं बोलणं संपू दिलंत आणि विचारलंत, "तीन दिसांत किती लोकांनी खाल्लं आसंल?" आणि मग डोळ्याला पदर लावलात. तुम्हाला रडताना मी तेवढंच पाहिलं.

पुढचं जे तुम्ही केलंत ते करायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर सांगितलंच नसतं. तुम्ही कढई न लावता रोज जिन्याखाली जाऊन उभ्या राहायला लागलात. येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून सांगायचात की सोमवार ते बुधवार माझ्याकडं खाल्लं असेल तर ते तेल खराब होतं, मला वास येत नाही, माझी चूक झाली, माफ करा. आठवडाभर. मी दुसऱ्या दिवशी आले होते. शेजारचा दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, मावशींना समजवा, कुणाला पत्ता नव्हता, आता सगळ्या पेठेत होईल. काही लोक हसले. काहींना तुम्ही काय बोलताय तेच कळलं नाही. एक बाई मात्र तिथेच उभी राहून तुम्हाला बोलत राहिली. तिनं आजारातून उठलेल्या सासऱ्यांसाठी तुमची भजी नेली होती, मावशीकडचं निर्धास्त असतं म्हणून. ती खूप वेळ बोलली. तुम्ही हात जोडून ऐकून घेतलंत. नाकाचं कारणसुद्धा पुन्हा पुढे केलं नाहीत. ती गेल्यावर तुम्ही माठातलं पाणी प्यायलात आणि पुढच्या माणसाला हाक मारलीत.

नरसय्याकाकाही आले. त्यांना वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, मला पहिल्या घासाला कळलं होतं, पण मी कुणाला सांगणार नव्हतो, तुमचं नाव कशाला खराब करायचं. तुम्ही म्हणालात, "काका, तुमाला कळलं आन् तुमी गप बसला. ह्ये बी चुकलंच की." काका आधी चपापले, मग मान डोलवत कट्ट्यावर बसले.

मावशी, तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट आहे. तुमच्या आधीच्या अकरा कढयांवर मी तशीच घाई केली होती. चुरचुरत्या तेलात काडी घालून आकडे लिहिले होते. तुमच्याकडून शिकल्यावर मी गुपचूप पुन्हा फिरले, नवे आकडे लिहिले, जुनी पानं फाडली. कुणाला काही बोलले नाही. पण त्यातला एक माणूस स्टँडजवळ वडे तळायचा. त्याच्याकडेही मी असंच लोकांसमोर मोठ्यानं बाद म्हटलं होतं. पुन्हा गेले तेव्हा तिथे त्याची गाडी नव्हती. मी स्वतःला सांगितलं, गेला असेल दुसरीकडे. कित्येक वर्षं सांगत राहिले. तुम्हाला त्या जिन्याखाली हात जोडून उभं पाहिलं आणि मग मला ते जमेना. मी त्याला शोधलं. महिना लागला. तो होटगी रोडला एका शाळेबाहेर पेरू विकत होता. मी त्याला सांगितलं की तुमचं तेल बहुतेक चांगलं होतं, माझं मोजणं चुकलं होतं. तो म्हणाला, त्या दिवसानंतर लोक कढईत डोकवायला लागले, मग मलाच तळावंसं वाटेना. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. निघताना त्यानं एक पेरू कापून तिखटमीठ लावून माझ्या हातावर ठेवला.

हे तुम्हाला सांगायचं मी दर शनिवारी ठरवायचे. कधी गर्दी असायची, कधी तुम्ही खुशीत असायचात. खरं म्हणजे मला भीती वाटायची की तुम्ही विचाराल, एवढी वर्षं का थांबलात? आता सांगतेय. उशिराच सांगतेय.

कॉलेजचं यंत्र बाहेर द्यायची परवानगी नव्हती. मी माझ्या नावावर लिहून घेतलं आणि तुमच्या हातात दिलं. ज्या काडीला तुम्ही हसायचात, ती तुम्ही पंधरा दिवसांत माझ्यापेक्षा नीट वापरायला लागलात. कढईच्या बुडाला टेकू द्यायची नाही, हळू ढवळायचं, पुसून ठेवायचं. आणि सुनीताचं नाक तयार करायला घेतलंत. रोज सकाळी तिच्यापुढे तीन वाट्या, एक ताजं, एक कालचं, एक काढून टाकलेलं. ती आधी वैतागली. तिला तेलाच्या वासाचाच कंटाळा होता, ती शिवणकाम करायची. तुम्ही तिला जबरदस्ती केली नाहीत. फक्त वाट्या मांडून ठेवायचात आणि स्वतःच्या कामाला लागायचात. दोन महिन्यांनी तिनं पहिल्यांदा यंत्राच्या आधी अचूक सांगितलं आणि तुम्ही मला मुद्दाम फोन करून कळवलंत. म्हणालात, नाक सुनीताकडं गेलं, डोळं यंत्राकडं, माझ्याकडं निस्ता झारा राहिला.

पण तसं नव्हतं. याच काळात तुम्ही मोजायला लागलात. घाणा वर काढला की फेस बसेपर्यंत मनात आकडे. ताज्या तेलाचा फेस लगेच बसतो, दमत जातं तसे आकडे वाढतात. तुमचं मोजणं आणि यंत्राचा आकडा मी तीन महिने शेजारी शेजारी लिहिले. दोन्ही हातात हात घालून चढत होते. साठीच्या पुढच्या वयात, नाक गेल्यावर, तुम्ही कान-डोळ्यांनी नवीन मोजमाप शोधून काढलंत. मी आता मुलींना ते वर्गात शिकवते. फळ्यावर तुमचं नाव लिहिते. त्यांना वाटतं कुणी मोठ्या शास्त्रज्ञ असतील. मी ती समजूत दुरुस्त करत नाही.

तुमचं नाक परत आलंच नाही. एकदा मी विचारलं होतं की कशाचा वास येत नाही म्हणून सगळ्यात जास्त चुकल्यासारखं वाटतं. मला वाटलं तुम्ही कोथिंबीर म्हणाल, ओली शेंग म्हणाल, करमाळ्याचा घाणा म्हणाल. तुम्ही म्हणालात, "गॅसचा. गळाला तर कळायचा न्हाय, लई भ्या वाटतंय." त्याच आठवड्यात मी तुमच्या शेगडीची नळी बदलून घेतली.

आणि आपलं ते भांडण राहिलंच. शेवटच्या शनिवारी यंत्रानं सतरा दाखवलं. सुनीतानं वाकून वास घेतला, चांगलं आहे म्हणाली. तुम्ही म्हणालात, काढा. मी वाद घातला. आकडा बरोबर, सुनीताचं नाक बरोबर, आता तुमचं काय राहिलं? तुम्ही म्हणालात, सांगते, आत्ता गिऱ्हाईक हाय. गर्दी हटली नाही. मला बस पकडायची होती. तुम्ही हात वर करून पुढच्या शनिवारी असं खुणावलंत. गुरुवारी सुनीताचा फोन आला. तुम्हाला त्या सतराच्या तेलात काय दिसलं होतं ते मला कळलं नाही. सुनीतालाही नाही. आम्ही दोघींनी ते तेल नंतर पुष्कळ वेळा बघितलं.

तुमच्या तेराव्याला कुंभारीला मोठी पंगत होती. नरसय्याकाका पहिल्या बसनं आले होते. मांडवाच्या मागे आचाऱ्यानं पुऱ्यांची कढई ठेवली होती. सुनीता डोक्यावर पदर घेऊन आतल्या बायकांत बसली होती. मी तिच्याशेजारीच होते. पहिला घाणा पडला, वारा आमच्याकडे आला, आणि ती उठली. मांडवामागे गेली, मी तिच्या मागोमाग. कढईपाशी उभी राहिली, वाकली, आणि आचाऱ्याला म्हणाली की हे तेल आधी वापरलेलं आहे. त्यानं कबूल केलं, एका लग्नातलं उरलेलं आहे, पण गाळून घेतलंय, स्वच्छ आहे. तुमचे थोरले दीर आले. त्यांनी तिला समजावलं की माणसं पानावर बसायला निघालीत, आजच्या दिवशी नको, दुसऱ्या वेळी बघू. मग माझ्याकडे वळून म्हणाले, या मॅडम शिकलेल्या आहेत, यांना विचारा. मी म्हटलं, सुनीता सांगतेय ते बरोबर आहे.

सुनीतानं पदर सावरला. आवाज चढवला नाही. "आत्यांच्या तेराव्याला ह्ये तेल न्हाय," म्हणाली.

कढई रिकामी झाली. गावातल्या दुकानातून शेंगतेलाचे नवे डबे आले. कढई घासून, पुसून, पुन्हा चढेपर्यंत दोन वाजून गेले. माणसं मांडवात बसून राहिली. लहान मुलांना केळी दिली. थोरल्या दिरांचा चेहरा उतरला होता, पण पुऱ्या आल्या तेव्हा तेच वाढायला उठले. नरसय्याकाकांनी चार पुऱ्या खाल्ल्या आणि पानात काही टाकलं नाही.

मी हात धुवायला मांडवामागे गेले तेव्हा गर्दी ओसरली होती. आचारी पन्नाशीचा माणूस, आयुष्यभर तळण केलेला. तो काढून ठेवलेल्या तेलाच्या पातेल्याशी उकिडवा बसला होता. सुनीता त्याच्यासमोर. तो विचारत होता की गाळलेल्या तेलातलं तुला लांबून कसं काय कळलं. तिनं त्याच्या बोटांवर थेंब घातला, चिमटीत चोळायला लावला, आणि हात नाकाशी न्यायला सांगितला. त्यानं नेला. काही कळत नाही असं त्यानं मान हलवून सांगितलं. सुनीता जागची हलली नाही.

"घाई करू नगा," ती म्हणाली. "परत घ्या."